अंगाला भिडून

आमच्या निरगुडसरात बॉक्सिंग आलं ते फौजेतून, एका निवृत्त हवालदाराच्या ट्रंकेतल्या दोन जोडी ग्लोव्हजबरोबर. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. नव्वदच्या दशकात आम्ही कॉलेजातली चार पोरं त्यांच्याकडं शिकायला जायचो. रिंग नव्हतीच. पहिल्या दिवशी आप्पांनी खळ्यात चार खुंट ठोकले, भोवती दोर बांधला, आत एक शेळी सोडली आणि म्हणाले, "धरा."

आम्ही तिच्यामागं धावत सुटलो. शेळी मजेत फिरत राहिली आणि आम्ही धापा टाकत खाली बसलो.

"मागं पळून शेळी घावत न्हाई राव," आप्पा म्हणाले. "ती जिकडं जाणार तिकडं आधी जाऊन हुबं ऱ्हायचं. तिरकं चालायचं. तिची जागा लहान लहान करत न्यायची."

मग ते स्वतः आत गेले. पळाले नाहीत, हातही उगारला नाही. नुसते इकडून तिकडं सावकाश वाट अडवत राहिले आणि शेळी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आमची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

कोपऱ्यात गाठल्यावर काय करायचं, ते शिकायची जागा वेगळी. आप्पांच्या कांदा साठवायच्या दोन बराखी होत्या आणि त्यांच्यामध्ये दोन माणसं जेमतेम समोरासमोर मावतील एवढी बोळ. तिथं हात लांब करायला जागाच नाही. कोपर बरगडीला चिकटवायचं, कपाळ समोरच्याच्या खांद्याला टेकवायचं आणि पोटात आखूड ठोसे द्यायचे. नाकात कांद्याचा उग्र वास आणि कानात समोरच्याचा श्वास. "त्यो श्वास ऐक," आप्पा म्हणायचे. "तुटला की समज, गडी संपला."

मी त्यात तरबेज झालो आणि त्यातच मार खाल्ला. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल या आशेवर पुण्याला स्पर्धेत उतरलो. तोवर गुण मोजायला मशीन आलं होतं. पंच बटणं दाबायचे आणि बहुतेकांची बटणं एकदम दाबली गेली तरच गुण. समोरचा पोरगा लांबून टिचकी मारायचा आणि पळायचा. मी त्याला बरोबर कोपऱ्यात गाठला, आत शिरून मनसोक्त हाणला. पण दोन अंगं एकमेकांना भिडलेली असताना आतला ठोसा पंचांना दिसणार कसा? टिचक्या तेवढ्या मोजल्या गेल्या. शेवटी त्याला धड उभं राहवत नव्हतं, तरी हात त्याचाच वर झाला. नोकरीची आशा गेली. मला त्या बटणांचा अजून राग येतो.

पण रागावर संसार चालत नाही. पुढं काही वर्षांनी पेठला हायवेच्या कडेला शेड भाड्यानं घेऊन मी क्लास काढला आणि पोरांना शिकवलं काय, तर टिचकी मारून पळायला. पोरं जिंकायला लागली. तिथल्या एका जैन कापड दुकानदाराची मुलगीही यायची. शेठ पहिल्या दिवशी हसत म्हणाले होते, "नुसता हात लागला तरी पॉइंट मिळतो ना सर? मग हरकत नाही. आमच्या घरात मुंगीसुद्धा मारत नाहीत."

आप्पांची नजर एव्हाना जवळजवळ गेली होती. रविवारी मी त्यांना मोटारसायकलवरून क्लासला आणायचो. ते खुर्चीत बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, "हल्ली नुसतं बूट वाजत्यात. ठोसा ऐकूच येत न्हाई. एकाला तरी आतलं शिकव. न्हाईतर माझ्यासंगंच जायाचं ते."

"आप्पा, त्यानं पोरं हरतात. मी हरलो ना?"

ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "घरी सोड." मला ते लागलं, पण मी बधलो नाही.

महिन्याभरानं शेठ तणतणत क्लासवर आले. "सर, मुलीच्या कपड्यांना कांद्याचा वास येतोय! आमच्या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. बाहेर कुठं खाते की काय?"

तो वास कुठला, हे मला विचारावंच लागलं नाही. पोरीचे हात आखूड. टिचक्यांच्या खेळात लांब हातांपुढं तिचं काही चालत नव्हतं. नंतर कळलं, आप्पांचं बोलणं तिनं ऐकलं होतं आणि मला न विचारता ती मंचरला एसटी बदलून निरगुडसरला जात होती. पोटाला गोधडी बांधून आप्पा स्वतः त्या बोळीत तिच्यासमोर उभे राहत होते.

"खात नाही हो शेठ," मी म्हणालो. "कांद्याच्या बराखीत मारामारी शिकते."

"असं होय!" शेठना हायसं वाटलं. "पण पुण्याची येती स्पर्धा झाली की बंद. बारावी आहे."

पुण्यातल्या त्या स्पर्धेला मी आप्पांनाही नेलं. समोरची पोरगी उंच होती आणि आमची सुरुवातीपासूनच मागं पडली. शेवटच्या फेरीत मात्र तिनं पाठलाग सोडला. तिरकी चालत, वाट अडवत तिनं तिला कोपऱ्यात नेलं आणि कपाळ तिच्या खांद्याला टेकवलं. बुटांचा आवाज थांबला. धप् धप् असे बसके आवाज आले आणि त्यात उंच पोरीचा श्वास तुटलेला आमच्यापर्यंत ऐकू आला. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

घंटा झाली. हात उंच पोरीचा वर गेला.

"हरली, आप्पा," मी म्हणालो. त्यांनी मनगट सोडलं नाही.

पोर पडल्या चेहऱ्यानं आमच्याकडं आली. आप्पांनी विचारलं, "श्वास तुटला तवा ऐकलास का, पोरी?"

"ऐकला, आप्पा."

"मंग झालं."

मागं शेठ उभे होते. त्यांनी आप्पांकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"बारावीचे पेपर झाले की सुट्टीत पुन्हा पाठवतो," ते म्हणाले. "वासाचं काय, धुतला की जातो."