खारीच्या आईचा आवाज

आम्ही सहाजण शिंगं मोडून वासरांत शिरलेलो. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी काढलेल्या, एका खारीच्या पिल्लाच्या कार्टूननं आम्हा मोठ्यांना वेड लावलं होतं. पिल्लू रोज घरट्याबाहेर पळतं, हरवतं, शेवटी आई हाक मारते आणि ते सापडतं. एवढंच. त्यात काय आहे म्हणून मला विचारू नका. दिवसभर बीदरच्या कोर्टासमोरच्या माझ्या दुकानात लोकांच्या भांडणांचे झेरॉक्स काढल्यावर कुणीतरी सापडलेलं बघायला बरं वाटायचं.

टीव्हीवर ते कन्नडात लागायचं, हिंदीत लागायचं. आमच्यासारखं बोलणारी खार कुठंच नव्हती. म्हणून त्याच्या तुकड्यांना आम्हीच आमच्या बोलीत आवाज द्यायला लागलो आणि फोनवरच्या ग्रुपात ते ऐकून लोळून हसायला लागलो. खारीची आई म्हणजे चिटगुप्प्याचे अण्णा. साठीचे, भरघोस मिशांचे, बी-बियाणांचे दुकानदार. दुपारी गिऱ्हाईक नसलं की गोदामात पोत्यांच्या थप्पीत बसून बोलायचे, तिथं आवाज घुमत नाही म्हणून. रेकॉर्डिंग मला एकटीला पाठवायचे आणि लगेच आपल्या फोनमधून पुसायचे. घरी कुणाला पत्ता नव्हता. “हसतेत की,” म्हणायचे.

आवाज चित्राला जोडायचं काम माझं. अण्णा आधी खाकरायचे, आपल्या जाड्याभरड्या आवाजात चार-दोन वाक्यं काहीबाही बोलायचे आणि मग एकदम खारीची आई व्हायचे. कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेघा दिसतात. खरी सुरुवात कुठली ते मला रेघांवरूनच कळायचं, त्यामुळं आधीचं मी न ऐकताच कापायची. काम झालं की मूळचं सगळं पुसायची. कचरा ठेवायचा नाही, हा माझा मोठेपणा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी लोकांना नेहमी ऐकवते.

उन्हाळ्यात अण्णा दुकानात बसल्या जागी गेले. त्यानंतर मी ते तुकडे उघडले नाहीत. पण झेरॉक्सचं मशीन पुढचा कागद ओढायला क्षणभर थांबतं ना, त्या थांबण्यात मला खारीची आई ऐकू यायला लागली. “कुठं हायेस रे सोन्या?” भर दुपारी, दुकानात चार वकील उभे असताना. मी मागं वळून बघायची. वकिलांना वाटायचं, बाईला उकाडा बाधला. मला सरळ सरळ भीती वाटत होती.

तेरावं झाल्यावर एक दिवस वैनी आल्या, अण्णांची बायको. चिटगुप्प्याहून एकट्याच, बसनं. भेटायला गेलेल्या आमच्यातल्या एका शिंप्यानं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

“माय, ह्यांचा आवाज हाय म्हणं तुझ्याकडं,” त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या. “घरात कुठंच न्हाई. फोटो ढीगभर हायेत. फोनवर तर ‘हं’ म्हणून ठेवून द्यायचे. आन् चार दिवस झाले, मला त्यांचा आवाज आठवंना झालाय.”

“वैनी, ते कार्टूनमधलं आहे. आवाज बदलून बोललेत.”

“असू दे की. बोलले त्येच न्हवं?”

मी इअरफोन त्यांच्या कानात घातले आणि शेवटचा तुकडा लावला. पडद्यावर खारीची आई फांदीवर येऊन हाका मारायला लागली. भ्यालास व्हय? मी हितंच हाय. हळू ये. मला ऐकू येत नव्हतं, पण शब्द पाठ होते. वैनी हसल्या नाहीत. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा ऐकलं.

“ह्ये कामून माझ्यावानी बोलायलेत?”

मी तुकडा थांबवला.

“लेकाला यायला उशीर झाला की मी अशीच वट्ट्यावर हुबारून हाका मारायची. अशीच. ही मी हाय, माय.” त्यांनी एका कानातला इअरफोन काढला. “मग ह्यांचा आवाज कुठाय?”

मी सांगितलं. सुरुवातीला ते स्वतःच्या आवाजात बोलायचे, ते मी कापलं, पुसलं, एकदा नाही, दर वेळी. सांगताना मला माझीच किळस आली. वैनी रागावतील असं वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काय बोलायचे?” त्यांनी विचारलं.

“मी ऐकलंच नाही, वैनी.”

त्यांनी इअरफोन परत कानात घातला आणि बोटानं खूण केली, लाव. मी लावलं. डोळे मिटून त्या स्वतःचाच आवाज ऐकत राहिल्या, त्यात कुठंतरी चुकून ते राहिले असतील म्हणून.