जूरीची फळांची टोपली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? आता ते पोटात राहत नाही, एवढंच.

आमच्या कंपनीत केरळचे, पंजाबचे, मणिपूरचे नवे लोक येतात, आणि त्यांना इथल्या पद्धती समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. एकमेकांचे रीतिरिवाज समजून घ्या, कुणी चुकलं तर हसू नका — छान बोलते मी. टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत मला जूरी आठवते.

जूरी आसामची. बडोद्याबाहेर, सावली गावाजवळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात माझ्या मागून आली आणि माझ्यापेक्षा हुशार निघाली. परदेशी गिऱ्हाइकं सांभाळायची जागा रिकामी होणार होती — ती तिलाच मिळणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मलाही. मी जळत होते. आणि ती? मला 'दीदी' म्हणायची, बारीकसारीक गोष्टही मला विचारून करायची.

तशात आमच्या साहेबांचे, जयेशभाईंचे वडील गेले. बडोद्यातच, समा भागात त्यांच्या घरी बेसणं होतं. गुजराती लोकांत बेसणं म्हणजे पांढरे कपडे घालून जायचं, फोटोपुढे हात जोडायचे, थोडा वेळ गप्प बसायचं आणि निघायचं. हातात काही न्यायचं नाही. मी जन्माची बडोद्याची, मला हे पाठच. जूरीनं विचारलं, "दीदी, फल ले जाऊँ ना? हमारे यहाँ ऐसे घर में खाली हाथ नहीं जाते।"

मी म्हणाले, "हाँ हाँ, ले जाओ।"

बोलण्याच्या ओघात निघून गेलं? नाही — मी क्षणभर थांबले होते. विचार करून म्हणाले. कपड्यांचं तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ती आली पिवळ्या साडीत, चकचकीत कागदात बांधलेली, रिबीन लावलेली टोपली घेऊन. सगळी खोली पांढरी, आणि मधोमध ती. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "आ शुं, बर्थडे छे?" जयेशभाईंनी मान फिरवली. जूरीनं माझ्याकडे पाहिलं. मी — मी पदर सारखा करत राहिले.

त्या टोपलीचा अर्थ मला कळत नव्हता का? आपल्यातही कुणी गेलं की शेजारणी पिठलं-भात नेऊन देतातच की! निदान मला तरी तो कळत होता. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं.

"गिऱ्हाइकांसमोर रीतभात कळणारं माणूस हवं," असं म्हणून जयेशभाईंनी ती जागा मला दिली. जूरीनं जाब विचारला नाही. "रिबन नहीं चाहिए थी ना, दीदी?" एवढंच म्हणाली. मी हो म्हणाले. तेही खोटंच.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले. सकाळी शेजारणींनी पिठलं-भात आणला. दुपारी आमच्या बडोद्यातल्या, अकोटा भागातल्या घरी जूरी आली. पांढरे कपडे, हात रिकामे. बाबांच्या फोटोला हात जोडले, थोडा वेळ गप्प बसली. कुठंही चुकली नाही.

उठताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "जय श्रीकृष्ण, मेधाबेन."

'दीदी' म्हणाली नाही.