ट्यूबचं दुसरं टोक

रेसिंग ड्रायव्हर म्हटलं की लोक हात बघतात, पाय बघतात. मान कुणी बघत नाही. मीही बघितली नव्हती, आणि तिनंच ऐन वेळी माझा घात केला.

नांदेडला इंजिनिअरिंग शिकताना आम्ही पोरांनी मिळून एकच माणूस बसेल अशी बुटकी रेसची गाडी बनवली होती. ती चालवायला मी बसलो आणि तिथून डिग्री एकीकडं, मी एकीकडं. दोन-तीन हंगाम लहानसहान शर्यती केल्यावर दक्षिणेतल्या एका टीमनं मोठ्या गाडीच्या चाचणीला बोलावलं. जमलं तर पुढच्या हंगामात त्यांची गाडी, त्यांचा खर्च. नाही जमलं तर गावी, मुरूडला परत येऊन वडिलांच्या अडत दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं.

त्या ट्रॅकवर उजवीकडं जाणारं एक लांबलचक वळण होतं. एवढ्या वेगात वळताना डोकं हेल्मेटसकट डावीकडं ओढलं जातं, मास्तरांनी कान धरून खेचावं तसं. पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. मग मानेनं हात टेकले. डोकं जाऊन गाडीच्या काठाला टेकलं आणि मी तिरक्या डोळ्यांनी रस्ता शोधत राहिलो. टीमचे प्रशिक्षक मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले, "हात चांगले आहेत. आता मान घेऊन ये. पावसाळा संपला की पुन्हा बघू."

मान काय बाजारात मिळते? मुरूडच्या जिममध्ये दंड फुगवायची सगळी सोय होती, मानेची नव्हती. शेवटी पंक्चरवाल्या चाचांनी स्कूटरची जुनी ट्यूब काढून दिली. "ले जा बेटा, इसमें अभी भोत जान है." ट्यूबचं एक टोक हेल्मेटला बांधलं, दुसरं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला. बाहेर ओट्यावर पाट टाकून बसायचं, ट्यूब ताणायची आणि डोकं सरळ धरायचं. ट्यूबमध्ये खरंच जान होती. आठवडाभरात गज निखळला आणि ओट्यावर ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीवर जाऊन बसला.

आई पदर खोचून बाहेर आली. "आता घर पाडायलास का रं?"

मी हेल्मेटमधूनच समजावलं. तिनं ऐकून घेतलं, बरणीच्या काचा गोळा केल्या आणि ट्यूबचं मोकळं टोक उचललं. "आण हिकडं. मी धरते. खिडकी तरी वाचंल."

माझ्या गाडीला घरात सगळ्यात जास्त विरोध तिचाच. वडील निदान गप्प बसत. आईला गप्प बसणं माहीतच नाही. त्यामुळं रोज सकाळी ओट्यावर मी पाटावर, ती बाजूला, मधे ताणलेली ट्यूब, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू.

"तुझा चुलतभाऊ बँकेत लागला." हिसका.

"मामाच्या पोरीच्या लग्नाला आला न्हाईस. लोकं इचारून इचारून दमले." हिसका.

"तिकडं ताप आला तरी फोन करत न्हाईस. मला दुसऱ्याकडून कळतंय." हा हिसका इतका जोरात की मी पाटासकट कलंडलो.

तिला वाटे, पोरगं आयतं बांधून बसलंय, ऐकून घेईल. मला वाटे, बोलू दे, रागात ओढते चांगली. दोघांचंही भागत होतं.

शेजारच्या काकूंना मात्र हे सगळं बघून माझ्या मानेला लकवा झाल्याची खात्री पटली. त्यांनी हळदीचा लेप आणून दिला. माहूरच्या देवीला नवस बोला म्हणाल्या. आईनं लेप ठेवून घेतला. हळूहळू गल्लीतली माणसं तब्येतीची चौकशी करायला येऊ लागली, आणि चहा करून करून वैतागलेल्या आईनं एक दिवस चारचौघींत सांगून टाकलं, "आजारी न्हाई त्यो. रेसची गाडी चालवतोय. तिथं मान लागती." माझा धंदा काय, हे तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं. मला हेल्मेटमध्ये इतका आनंद झाला की डोकं सरळ धरायचं विसरलो.

सोयाबीनच्या काढण्या सुरू झाल्या आणि चाचणीचा निरोप आला. निघायच्या आदल्या सकाळी आई ट्यूब धरून बसली, पण ओढेना, बोलेनाही.

"आज काय तक्रार न्हाई का, माय?"

"एकच राहिलीय."

"बोल की मग."

"तू त्या गाडीत बसलास की मला लई भ्या वाटतंय." ट्यूब सैल पडली. "लेकरू माघारी येतंय का न्हाई, म्हणून फोन वाजला तरी धस्स होतंय."

हेल्मेट आणि ट्यूबमुळं मला तिच्याकडं वळूनही बघता येईना. "मला बी वाटतंय, माय," मी म्हणालो. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग कशाला जातूस?"

"ती गाडी नीट चालवली ना, तर दिवसभर जीव भरून राहतो. दुसऱ्या कशानंच तसं होत न्हाई."

तिनं ट्यूबचा एक वेढा हाताला घेतला आणि ओढली. त्या दिवशी तिनं माझी मान ओढली तशी आजवर कुणी ओढली नाही, त्या वळणानंसुद्धा नाही.

चाचणीत ते वळण आलं की मी तिच्या तक्रारी मनात म्हणत होतो. बँक. लग्न. ताप. शेवटच्या फेऱ्यांत मान जळत होती. तेव्हा तिची शेवटची तक्रार आठवली आणि डोकं सरळ राहिलं. उतरल्यावर प्रशिक्षकांनी माझ्या मानेवर दोनदा थाप मारली. "हंगामाची गाडी तुझी."

घरी फोन लावला. आईनं फेरीची वेळ विचारली नाही, गाडीचं विचारलं नाही. "मान राहिली का?" म्हणाली. राहिली म्हटल्यावर तिला हुंदका आला आणि फोन वडिलांच्या हातात गेला.

नव्या हंगामाच्या शर्यती जास्त लांब आहेत. सुट्टीत घरी आलो की आई आपणहून ट्यूब काढते. तक्रारी मात्र आटल्यात. परवा म्हणाली, "त्या वळणाचं सांग. कुठून लागतं?" मी सांगू लागलो, इथं ब्रेक, इथून आत, आणि ती हळूहळू ताण वाढवत गेली.

"संपलं का वळण?"

"न्हाई अजून."

"मग धर नीट," ती म्हणाली. "मी हाय हिकडं."