नत्थूजींची काच

तळेगावात म्हणतात की नत्थूजी डायवर शिंकायच्या आधीसुद्धा इंडिकेटर देतात. यात थोडा मीठमसाला आहे, पण फार नाही. एकतीस वर्षं एसटी हाकलेला माणूस निवृत्त झाला तरी गाडी त्याच्या अंगातून उतरत नाही. नत्थूजी घराच्या दारातून निघताना अजून आधी उजवीकडे पाहतात, मग पाऊल टाकतात. त्यांची बायको विमलाबाई स्वयंपाकघरातून घाईघाईनं आली की भिंतीला चिकटून तिला साइड देतात. आता अशा माणसाला गल्लीनं चिडवायचं नाही तर कोणाला चिडवायचं?

एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. हे तळेगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण ते नत्थूजींनीच सांगितलेलं आहे. बैठकीत सत्काराचा फोटो लावलाय. त्यात विमलाबाई अशा ताठ उभ्या आहेत की गाडी त्यांनीच चालवली असावी. फोटोखाली विनाअपघात सेवेचा बिल्ला. पाहुणा आला की आधी बिल्ला, मग पाणी.

निवृत्तीला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी लोक घाटातल्या रात्रीच्या फेऱ्यांच्या गोष्टी विचारायचे, दुसऱ्या वर्षी नुसत्या ऐकायचे, आणि तिसऱ्या वर्षी नत्थूजी येताना दिसले की बसलेला माणूस चप्पल शोधायला लागायचा. मग ते घरी बसू लागले. दिवे लागायच्या वेळी म्हणायचे, "दमलो बाप्पा."

"कायनं?" विमलाबाई विचारायच्या.

गाडी चालवून जो थकवा एकतीस वर्षांत आला नाही, तो खुर्चीवर बसून तीन वर्षांत आला होता.

त्यांची मुलगी अंकिता नागपूरला बँकेत आहे. बापाचं हे असं मिटत जाणं तिला पाहवलं नाही. मागच्या दिवाळीत ती आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आली, त्याला खेळण्यातलं वाटावं असं स्टिअरिंग आणि पायाखाली ब्रेक-ॲक्सिलरेटर जोडून दिला, आणि बस चालवायचा एक गेम टाकून दिला. नत्थूजींनी आधी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, शर्टाची वरपर्यंत बटणं लावून बसले. तेव्हापासून रोज सकाळी दहाला त्यांची गाडी सुटते. त्या वेळात कोणी घरी आलं तर विमलाबाई दारातूनच सांगतात, "ते आर्वीले गेले हायत. येतीन बारापर्यंत."

माणूस जरा माणसात आला होता. आणि मग ते सुरू झालं.

गेममधली बस डावीकडे घासायला लागली. कधी खांबाला, कधी उभ्या टेम्पोला, कधी स्टॉपवरच्या बाकाला. घासली की पडद्यावर लाल पट्टी येते आणि गाडीचं किती नुकसान झालं ते दिसतं. नत्थूजींनी आधी रस्त्याला शिव्या दिल्या, मग गेम बनवणाऱ्याला. शेवटी दोष मॉनिटरवर गेला. काच लहान आहे, म्हणाले. डायवर लोक समोरच्या काचेला नुसतं काचच म्हणतात. मॉनिटर हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही. एवढ्याशा काचेला नाक लावून बसलं तरी डावं अंग दिसेल कसं? घासली तर गाडी नाही घासली, काच घासली. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी हे एकेकटं गाठून सांगितलं, आणि कोणी हसू दाबलं तर पुन्हा सांगितलं.

गल्ली का हसू दाबत होती, तेही सांगायला हवं. निवृत्तीच्या दोन महिने आधी स्टँडमधून गाडी बाहेर काढताना नत्थूजींच्या बसचा डावा मागचा कोपरा बंडूजींच्या रसाच्या गाडीला लागला होता. बंडूजी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उसाचा रस काढायचे. छताचा पाइप वाकला, अकरा ग्लास फुटले. नत्थूजी खाली उतरले आणि म्हणाले, रसाची गाडी रस्त्यात आली होती. झालं. एकतीस वर्षं ओरखडा नसलेला माणूस म्हणतो म्हटल्यावर कंडक्टर म्हणाले, प्रवासी म्हणाले, ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही म्हणाले. बंडूजींना गाडी उचलून पलीकडे, मुतारीच्या भिंतीशी न्यावी लागली. तिथं रस प्यायला नाक धरून यावं लागतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, आणि नत्थूजींच्या हिशेबी तो ओरखडा ओरखड्यांत धरायचा नाही.

अंकितानं ठरवलं, बाबांना चांगला मॉनिटर घ्यायचा. गेमिंगचाच. चैत्रात सुटी काढून आली आणि त्यांना वर्ध्याला घेऊन गेली.

दुकान प्रफुल्ल नावाच्या तरतरीत माणसाचं होतं. त्यानं तीन मॉनिटर ओळीनं मांडले. एक चोवीस इंची, एक सत्तावीस, आणि एक चौतीस इंची, रुंद, दोन्ही टोकांनी आत वळलेला. मग तो समजावू लागला की नुसता आकार पाहायचा नसतो, चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तेही पाहायचं असतं. साधा साठ वेळा बदलतो, गेमिंगचा किमान एकशे चव्वेचाळीस वेळा.

"बाबा, एकशे चव्वेचाळीसच घेऊ," अंकिता म्हणाली.

नत्थूजी गंभीर झाले. "एकशे चव्वेचाळीस लागली तं चार जणाईनं मिळून पाहाले जमन का?"

प्रफुल्ल दुकानदार होता म्हणून हसला नाही. जमावबंदी नव्हे, वेग आहे, असं त्यानं अदबीनं सांगितलं.

मग नत्थूजींनी आपल्या पद्धतीनं पारख सुरू केली. खुर्ची मागवली. ती किती पुढे, किती मागे हे पायाच्या अंतरावरून ठरवलं. खिशातला रुमाल काढून चौतीस इंची काच पुसली. प्रफुल्लनं त्यांचाच गेम त्यावर लावून दिला, आणि सगळा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला तेव्हा नत्थूजींचा चेहरा असा उजळला की अंकिताला तो फोटोतला वाटला. एसटीची काच अशीच वळलेली असते, ते म्हणाले. हीच घ्यायची. भाव विचारायचाही राहिला.

तरी डायवर तो डायवर. गाडी घेण्याआधी आरसे पाहिलेच पाहिजेत.

"काच झकास हाय," ते म्हणाले, "पण हिच्यात डावा आरसा नाई देल्ला."

प्रफुल्लनं पडद्याकडे पाहिलं. अंकितानं पाहिलं. डाव्या टोकाला आरसा होता, चांगला बशीएवढा, त्यात मागचा रस्तासुद्धा दिसत होता.

"बाबा, हाय ना. हा काय."

नत्थूजींनी मान वळवली. आरसा होता. मान सरळ केली, आरसा नव्हता. त्या जागी काळं काही दिसत होतं असंही नाही. तिथं काही असायला हवं हेच दिसत नव्हतं. त्यांनी पुन्हा मान वळवली, पुन्हा सरळ केली. तिसऱ्यांदा केलं तेव्हा अंकितानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांना लागला, पण तो डावीकडून आला होता आणि येताना दिसला नव्हता.

मग त्यांनी खुर्ची सत्तावीस इंचीसमोर सरकवली. आरसा अर्धा दिसला. चोवीससमोर सरकवली. आरसा अख्खा दिसला.

"चोवीसवाली बांधा," ते म्हणाले.

लहान दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक प्रफुल्लनं पहिल्यांदाच पाहिलं असेल. तो मोठ्याचे गुण सांगायला लागला, अंकितानं नुसती मान हलवली, तसा तो चोवीस इंची खोक्यात भरू लागला.

खोकं घेऊन ती दोघं त्या दिवशी तळेगावला परतलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळ्यांच्या रांगेत बसली. तिथं नत्थूजींची हनुवटी एका मोठ्या पांढऱ्या वाटीसमोर टेकवली आणि हातात एक बटण दिलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, कडेला कुठेही दिवा लागला की बटण दाबायचं. म्हणजे गेमच. नत्थूजी मन लावून खेळले. उजवीकडे दिवे लागत होते, ते दाबत होते. डावीकडे बराच वेळ काही लागलंच नाही. बिघाड असेल म्हणून ते थांबून राहिले.

मशीन चांगलं होतं. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. दोन्ही डोळ्यांच्या कडा काळ्या, डावीकडची जास्त. काचबिंदू, त्या म्हणाल्या. गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंब घालून टिकवायचं. दुखत नाही, कळत नाही, समोरची पाटी शेवटपर्यंत नीट वाचता येते. नत्थूजींनी आयुष्यात प्रत्येक पाटी घडाघडा वाचली होती.

त्यांनी एकच विचारलं. "कवापासून असन?"

"नेमकं नाही सांगता येणार. पण पाच-सहा वर्षं तरी."

परतीच्या एसटीत नत्थूजी डायवरच्या मागच्या सीटवर बसले नाहीत. तळेगाव आगाराचा कोणताही डायवर असो, ते तिथंच बसतात आणि गिअर टाकल्यागत पाय हलवतात. त्या दिवशी पार मागे बसले, मांडीवर खोकं. अंकितानं विचारलं, थकले का? ते हो म्हणाले. मनात ते वर्षं मोजत होते. सहातून तीन गेली, तीन उरली. तीन वर्षं, रोज दोन फेऱ्या, फेरीला पन्नास माणसं, आणि डावीकडचा रस्ता नुसत्या नशिबावर. आर्वीजवळ एक सायकलवाला मागे पडला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

घरी विमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घ्या. काच आनाले गेले अन् काचबिंदू घेऊन आले." बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. चहाला त्या दिवशी फार वेळ लागला, आणि बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता.

गल्लीत मात्र बातमी वेगळीच फिरली: पोरगी चौतीस इंची द्यायला तयार होती, आणि या चिकटानं चोवीस घेतली. नत्थूजींनी ती खोडली नाही. एरवी स्वतःबद्दलची चुकीची गोष्ट ते गावच्या वेशीपर्यंत पाठलाग करून दुरुस्त करतात.

खोकं उघडलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, त्यांची गाडी सुटायच्या वेळी, ते स्टँडवर गेले. कडुनिंबाकडे न पाहता सरळ पलीकडे मुतारीच्या भिंतीशी. बंडूजी चरक फिरवत होते, घुंगरू वाजत होते. गिऱ्हाईक एकही नव्हतं.

"एक ग्लास," नत्थूजी म्हणाले.

बंडूजींनी मान वर केली, पाहिलं, पुन्हा ऊस घातला. तीन वर्षांत पहिला शब्द होता, पण त्यांनी तो फुकट जाऊ दिला. "बर्फ?"

"नोको." नत्थूजी बाकावर टेकले. मग म्हणाले, "बंडूजी, तुमची गाडी आतच होती."

चरक थांबला.

"कोनती गाडी?"

"हेच. कडुनिंबाखाली होती तवा. रस्त्यात नोती आली. म्या ठोकली. मले डाव्या अंगाचं दिसत नाई. सहा वर्सं झाले म्हनते डॉक्टरीन."

बंडूजींनी हातातला चोथा टोपलीत टाकला. हात पुसले. त्यांना घाई नव्हती. तीन वर्षं थांबलेला माणूस आणखी पाच मिनिटं थांबू शकतो.

"गाडी आत होती हे मले तवाच मालूम होतं," ते म्हणाले. "ग्लासाचं काई नाई. तुमी खाली उतरले, म्या तुमच्या जवळ उभा होतो, हात जोडून. तुमी माह्याकडं पाह्यलंच नाई. मले वाटलं, बिल्ला भेटल्यापासून डायवर मगरूर झाला."

"कोन्या अंगाले उभे होते?"

बंडूजींनी आठवून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "डाव्या."

मग नत्थूजींनी सांगितलं की ते आज स्टँडवर सगळ्यांसमोर बोलतील, गाडी परत कडुनिंबाखाली लावून देतील.

"राहू द्या, डायवरसाहेब. कडुनिंब काय मले धरून बसला हाय? तिथं आता चहाची टपरी हाय. तिलेही पोट हाय."

नत्थूजी तरी उठले. फाटकाजवळ दोन कंडक्टर उभे होते, त्यांच्याजवळ जाऊन त्यांनी आपला ओरखडा सांगितला, तारखेसकट. कंडक्टर हसले, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय, म्हणाले. नत्थूजींनी पुन्हा सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. एकतीस वर्षांचा हिशेब असा दोन मिनिटांत एका ओरखड्यानं बिघडला.

परत येऊन बसले तेव्हा ते खरंच दमले होते. कायनं, ते या वेळी विचारायची गरज नव्हती. बंडूजींनी रस भरून ग्लास बाकावर ठेवला होता. नत्थूजींनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"माहा ग्लास?"

बंडूजींनी डावीकडचा ग्लास उचलला आणि त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला.