किसनतात्यांचं पाळीपत्रक

एका सोमवारी सकाळी किसनतात्या सोनवणे बारामतीच्या दवाखान्यात वारले. त्यांच्या मुलीचा, संगीताचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "बाई, तात्या गेले," ती म्हणाली. दुपारी कळसला, त्यांच्या गावी, सगळं उरकलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

तात्या माझ्या नात्यातले नव्हते. इंदापुरातल्या एका लहान वाचनालयात मी ग्रंथपाल होते आणि ते पाटकरी. कालव्याच्या चाऱ्यांची, म्हणजे फाट्यांची, दारं उघडायची, मिटायची, कुणाची पाण्याची पाळी किती तास ते बघायचं, ही त्यांची नोकरी. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, आणि मुलाच्या कमरेला कालव्याच्या दाराची किल्ली आली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चहा पिता पिता. मग कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणून कुणाचं पाणी अडवायची मला लय भीती वाटायची, बाई."

निवृत्तीला वर्षभर उरलं असताना ते पहिल्यांदा वाचनालयात आले आणि वेबसाईट कशी बनवायची याचं पुस्तक आहे का, असं विचारलं. माझ्याकडं एकच होतं, तेही इंग्रजीत. आम्ही ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. शिवाय ते आठवड्यातून दोनदा एसटीनं बारामतीला क्लासला जात आणि कॉलेजच्या पोरांमध्ये पहिल्या बाकावर बसत. चार महिन्यांनी त्यांचं पान तयार झालं. नाव पाळीपत्रक. पांढऱ्यावर काळी अक्षरं, फोटो नाही की फुलं नाहीत. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची फेरी, कधी सुटणार, कुठल्या चारीला किती दिवस पाणी, शेवटाकडच्या शेतांची पाळी कधी... एवढंच. तोवर ही माहिती पाटकऱ्याच्या खिशात असायची आणि ती विचारायला माणसं सकाळपासून त्याच्या दारात उभी राहायची. "पाळी त्यांची, अन् पाया माझ्या पडायच्या? मी काय देव हाय का?" असं तात्या म्हणत. त्यांच्याबरोबरचा एक पाटकरी त्यांना तोंडावर म्हणाला होता, "किसनराव, तुमी आमची किंमतच घालवली." तात्या हे सांगताना दर वेळी हसत.

त्यानंतरच्या वर्षी ती फुकट इंटरनेटची योजना आली. वाचकांना आठवत असेल, एका मोठ्या परदेशी कंपनीनं फोन कंपनीशी हातमिळवणी केली होती. ठरावीक वेबसाईट गरिबांना फुकट, बाकीच्या बघायच्या तर पैसे भरा. कुठल्या ठरावीक, ते कंपनी ठरवणार. शहरांत त्यावरून मोठा वाद पेटला. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या वेबसाईटना सारखी वाट, हा शब्द मी तेव्हाच वर्तमानपत्रात पहिल्यांदा वाचला, आणि वाचून पान उलटलं. आमच्या वाचनालयातही एक नीटस कपड्यांतला माणूस आला, वाचकांसाठी त्या योजनेचे दोन फोन टेबलावर ठेवून गेला. मी सही केली. पोरांना नोकरीच्या जाहिराती बघता येतील, एवढाच विचार मी केला होता.

दोन दिवसांनी तात्या आले. त्यांनी एक फोन हातात घेतला, बराच वेळ बोटानं काहीतरी करत राहिले.

"बाई, माझं पान उघडंना."

"ते यात नाही, तात्या. यात ठरावीकच आहेत."

"कुणी ठरवलं?"

"कंपनीनं."

त्यांनी फोन खाली ठेवला. मग कपाटांकडं बघत म्हणाले, "तुमच्या हितं दहा पुस्तकं उघडी ठेवली अन् बाकीच्या कपाटांना कुलपं घातली, वर पाटी लावली की वाचन फुकाट... तर चालल का तुमाला?" मी म्हटलं, तशी तुलना करता येत नाही. ते म्हणाले, "मग कालव्याची करू. पाणी कुणाच्या उसाला चाललंय ते पाटकऱ्यानं बघायचं नसतं. त्यानं फक्त दार उघडायचं. जो बघायला लागला, तो पाटकरी न्हाय, मालक झाला." त्या दिवशी मला ते पटलं होतं, पण मी तसं म्हणाले नाही. फोन मात्र आठवड्याभरात परत केले.

दूरसंचार क्षेत्राच्या नियामकानं या प्रश्नावर लोकांची मतं मागवली होती. तात्यांनी ठरवलं की आपणही द्यायचं. मसुदा मी लिहिला, एकाच कागदावर, साध्या भाषेत, आणि सह्या गोळा करायला ते निघाले. कळसला दारोदार गेले, लोणी देवकरला कामगारांची पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या गेटवर उभे राहिले. सणसरला एका रविवारी मीही सोबत होते. पारावर पाच-सहा जण बसले होते. त्यातला एक जण म्हणाला, "तात्या, फुकाट देतोय तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"आरं, उद्या एखादा म्हणला, कालवा फुकाट, पण पाणी मी सांगंल त्याच्याच रानात जाईल. घिशील का?"

"घिईन की! त्याच्या बांधाला बांध लावून माझंच रान हाय."

सगळे हसले. तात्याही हसले. "मग तुझी सही नगं," म्हणाले आणि कागद पुढच्याकडं सरकवला. तेव्हा त्यानं हात लांब करून कागद मागून घेतला. "आणा हिकडं. चेष्टा बी कळंना व्हय तुमाला!"

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुठं लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नव्हतं.

नियामकाच्या सूचनेत मतं ई-मेलनं पाठवा असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. तात्यांनी विचारलंही, "बाई, कम्प्युटरवरनं धाडू का?" मी नको म्हटलं. ई-मेलला पोच कोण देणार? आमच्याकडं सरकारला कागद द्यायचा म्हणजे तहसील कचेरीत द्यायचा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा आणि ती प्रत जपायची. शिक्का नाही तर कागद दिलाच नाही. पाण्याचा अर्ज असो, रस्त्याचा असो, आम्ही असंच करत आलो. "कचेरीत द्या, ते वर पाठवतील," मी सांगितलं. मी शिकलेली, म्हणून त्यांनी ऐकलं. इंटरनेटवर स्वतःचं पान चालवणारा माणूस, इंटरनेटबद्दलचं निवेदन पिशवीत घालून कचेरीत गेला, रांगेत उभा राहिला आणि शिक्का मारलेली प्रत मला दाखवायला घेऊन आला. मी ती वाचनालयाच्या फायलीत लावली.

काही महिन्यांनी निकाल लागला. वेगवेगळ्या वेबसाईटना वेगवेगळे दर लावता येणार नाहीत, असं नियामकानं ठरवलं. ती योजना बंद झाली. तात्या पेढे घेऊन आले. "बाई, आपलं ऐकलं त्यांनी! कळसच्या सह्या दिल्लीत वाचल्या." वाचनालयात बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी हातावर पेढा दिला, ज्यांना काय झालं ते ठाऊक नव्हतं त्यांनाही.

आमचा कागद दिल्लीला गेलाच नव्हता. तो पेढ्यांच्या दोन दिवस आधीच कचेरीतून परत आला होता. पत्ता वाचनालयाचा दिला होता, म्हणून लिफाफा माझ्या हाती पडला. सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, एवढी एक ओळ, आणि खाली आमच्याच सह्या. नियामकानं आलेली सगळी मतं जाहीर केली होती, त्यांतही मी शोधलं. आमचं नाव असायचं कारणच नव्हतं. लिफाफा मी टेबलाच्या खणात ठेवला. सांगेन, म्हटलं, जरा दिवस जाऊ देत... पेढे वाटून झाल्यावर ते आणखी अवघड झालं. निकाल तर आपल्या बाजूनं लागला आहे, मग काय बिघडलं, असं मी स्वतःला समजावत राहिले. तात्या मात्र पुढं वर्षानुवर्षं ती गोष्ट सांगायचे, लग्नात, जयंतीला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. मी हजर असले तर वळून म्हणायचे, "विचारा बाईंना." आणि मी मान हलवायचे.

निवृत्तीनंतरही ते दर आवर्तनाला पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात जाऊन फळ्यावरची पाळी वहीत उतरवून आणत आणि पानावर चढवत. पण ते पान बघणारे कमी होत गेले. डेटा स्वस्त झाला, सगळ्यांच्या हातात फोन आले, आणि पाळीची खबर फोनवरच्या ग्रुपात फिरायला लागली, कधी खरी, कधी कुणीतरी मुद्दाम सोडलेली. तात्यांच्या पानाचं दार कुणी बंद केलं नव्हतं. लोकच तिकडून जायचे थांबले. यावर कुठल्या नियामकाकडं जायचं, हे मलाही माहीत नव्हतं. एकदा मी विचारलं, कशाला एवढी ये-जा करता? तर म्हणाले, "एक जण बघत आसंल तर? त्याची पाळी चुकंल की."

शेवटची भेट दवाखान्यात झाली. त्यांना बोलताना दम लागत होता. संगीता उशाशी बसली होती. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं की फोन कंपन्या पुन्हा नियम बदलायला सांगताहेत, ज्यांच्या वेबसाईट लोक जास्त बघतात त्यांनी वाटेचे पैसे द्यावेत म्हणून. "आज मोठ्याकडनं घेतील, उद्या माझ्यासारख्याकडं येतील," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. "बाई, परत निवेदन द्यावं लागंल. मागच्या बारीला ऐकलं हुतं आपलं... हिकडनंच देऊ, कचेरीतनं."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "देऊ, तात्या."

दोन आठवड्यांपूर्वी कळसला जाऊन मी संगीताला सगळं सांगितलं आणि लिफाफा तिच्या हातात दिला. तिनं तो उघडला, सह्या वाचल्या. त्यांतली काही माणसं आता नाहीत. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या बाई, बरं झालं त्यांना कळलं नाही. ती तसं म्हणाली नाही. "सांगायला पाहिजे हुतं, बाई," ती म्हणाली. "त्यांनी परत धाडलं असतं. तात्यांना परत धाडायचा कधी कंटाळा न्हाय आला." मग आत जाऊन तिनं चहा ठेवला. 

नवं निवेदन मी अजून लिहिलेलं नाही. दोनदा कागद घेऊन बसले.

पाळीपत्रकाच्या वेबसाईटची मुदत संगीतानं पैसे भरून एका वर्षानं वाढवली आहे. पान अजून उघडतं. कळसला उघडतं, सणसरला उघडतं, पुण्यात माझ्या भाच्याच्या फोनवरही उघडतं, सगळीकडं सारखंच. त्यावरची पाळी मागच्या आवर्तनाची आहे.