कळवतो म्हणणारे प्रोग्रॅम

माझं काम काय, असं पाहुण्यांनी विचारलं की मी उत्तर जुळवेपर्यंत माझे यजमान सांगून मोकळे व्हायचे, "कंप्युटरांच्या सोयरिकी जमवते." मागच्या हिवाळ्यात ते गेले. आता कोणी विचारलं तर मी नीट, लांबलचक सांगते, आणि कोणाला काही कळत नाही.

ते कुही गावाकडचे. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि नात्यातली लग्नं जुळवणं हा त्यांचा आवडता उद्योग. मी तेव्हा धंतोलीतल्या काही दवाखान्यांसाठी काम करत होते. बाहेरगावचा पेशंट यायचा असला की एका दवाखान्याचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला विचारणार, खाट आहे का? कोणी काय विचारायचं, कोणतं उत्तर चालेल, पुढे काय, हे सगळं मी कागदावर गोल आणि बाण काढून मांडलं होतं. गोल म्हणजे अवस्था, बाण म्हणजे निरोप. कुठल्याही वाटेने गेलं तरी पेशंट अडकत नाही, हे गणिताने सिद्ध करायचं. डॉक्टरांनी एकच चाचणी कबूल केली होती. तीत पेशंट लटकला, तर पुन्हा फोनाफोनी, आणि माझा आराखडा कपाटात.

चाचणीच्या आदल्या रविवारी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि त्यांना म्हटलं, "तुम्ही दुसरा दवाखाना व्हा. खाट आहे का?"

"कळवतो."

"अहो, तसं उत्तर नाही यात. हो किंवा नाही."

"काहून नाही वं? आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणते? कळवतो म्हणते अन् चूप बसते. मंग तू काय करशील?"

"वाट पाहीन."

"दुसरीकडे विचारशील?"

"नाही. एका पेशंटपायी दोन खाटा अडू नयेत म्हणून नियमच आहे तसा."

"मंग झालं! माझ्या पुतणीचं असंच झालं ना. पारशिवनीचे पोरवाले कळवतो म्हणाले, अन् आमचे मोठे भाऊ एक बोलणी चालू असली की दुसरीकडे तोंड उघडत नाहीत. लग्नसराई गेली, पोरगी वाट पाहूनच राहिली."

मी कागदावरचे बाण पुन्हा तपासले. विचारलं की उत्तर येतंच, हे गृहीत धरून माझी सगळी सिद्धता उभी होती.

चहा झाल्यावर पुन्हा बसलो. ठरल्या वेळात उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजायचं, इथवर सोपं होतं.

"अन् मागून हो म्हणत आले तर?"

"तोवर दुसरीकडे ठरलेलं असेल."

"मंग त्यायले सांगशील का नाही? बिचारे मांडव घालून बसतील."

खरंच, ती खाट उगाच अडून राहिली असती. उशिरा आलेल्या 'हो'साठी मी आणखी एक बाण काढला: खाट मोकळी करा. संध्याकाळी तपासणीचा प्रोग्रॅम सगळ्या वाटा फिरून आला. कुठेच कोणी अडकलं नाही.

चाचणीला ते हट्टाने आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी मुद्दाम एका दवाखान्याचा प्रोग्रॅम गप्प ठेवला. पडद्यावर पेशंट थांबला. थांबूनच राहिला. मग पुढच्या दवाखान्याला विचारणा गेली आणि तिथे खाट मिळाली. गप्प असलेल्याचं 'हो' मागाहून आलं, त्यालाही खाट मोकळी करायचा निरोप गेला.

"सोमवारपासून सुरू करू," डॉक्टर म्हणाले.

मी कागद गोळा करेपर्यंत यजमान बाहेर गेलेही होते. गाठलं तेव्हा लिफ्टवाल्याचा हात धरून सांगत होते, "आमची बाई पास झाली गा!" तो बिचारा कशाचं काही न कळता हसत होता. पुढे औषधाच्या दुकानात, ऑटोवाल्याला, सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं. मी मागून चालत राहिले, त्यांना थांबवलं नाही.