गावाच्या नावानं प्यालेलं

माकेरेता रोज सकाळी एका बाटलीत नवऱ्यासाठी दिवसभराचं दीड लिटर पाणी भरायची. त्याला चहा दिला, माशाचा रस्सा वाढला, की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायची. विलिकेसाचं हृदय कमजोर झालेलं. जास्त पाणी पोटात गेलं की अंगात साचतं, असं राजधानी सुवाहून आलेल्या नर्सनं बजावलं होतं. बाटलीबाहेरच्या घोटाला तो हात लावत नसे. तरी पाय सुजून खांब झाले होते आणि आडवं पडलं की धाप लागायची.

"चोरून कुठं पिता?" तिनं एकदा विचारलंच.

"घोटभरही नाही. देवाशपथ!"

"आणि सभागृहातली यांगोना?"

"ती मी कुठं पितो? ती गावाची."

माकेरेताच्या डोक्यात तिडीक गेली. गावप्रमुख रातूंच्या वतीनं बोलायचं काम विलिकेसाकडे. मुळी कुटून पाण्यात कालवलेल्या यांगोनाची पहिली करवंटी रातूंची, लगेच दुसरी त्याची. रातू जितक्या वेळा पितील तितक्या वेळा. आणि हा शहाणा ती पिण्यात धरतच नव्हता!

"गावाची? मग गावाचे पाय का नाही सुजले, सेराचे बाबा?"

"करवंटी नाकारली तर रातूंचा अपमान होतो. तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं, तुमच्या मयताला हेच सगळे जमतील आणि पुन्हा यांगोनाच ढोसतील!"

त्याच दुपारी ती तडक सभागृहात शिरली. बायका तिथं दाराशी बसतात, बोलत नाहीत. ती दाराशी बसली आणि बोलली.

"रातू, हे तुमच्या मागोमाग पिऊन मरताहेत. नर्सनं पाणी तोडलंय. सांगायची यांना लाज वाटते."

विलिकेसानं मान खाली घातली. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्या रातूंनी त्याच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"किती चालेल याला?"

"एक घोट," माकेरेता म्हणाली.

रातूंनी वाढणाऱ्याला खूण केली. रातूंच्या स्वतःच्या करवंटीत तळाला जेमतेम घोटभर पडलं. रातूंपेक्षा जास्त कोणी प्यायचं नसतं. विलिकेसाला तेवढीच आली, आणि त्याच्यामागून तोंडं वाकडी करून बसलेल्या साऱ्यांनाही.

"रीत मोडली का रे?" रातूंनी विलिकेसाला विचारलं.

"नाही, रातू."

माकेरेताला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिचा संताप वाढला. 'मला घोटभरच चालेल,' एवढं एकच वाक्य त्यानं बोलायचं होतं, आणि ते बोलण्यापेक्षा हा माणूस तिला विधवा करायला तयार होता.